लुकलुकणारा दिवा : एक जुनें दुखणें

तेलाचा दिवा फडफडूं लागला तर त्याचें कारण शोधण्यासाठीं पूर्वीं कोणालाहि तज्ज्ञाकडे जावें लागत नसे. तेल सरलें असेल, वातीवर काजळी धरली असेल, तेलांत पाणी गेलें असेल, नाहीं तर दारांतून वारा येत असेल. कारणें ह्या चार-पांचांपलीकडे नसत, आणि तीं सारीं डोळ्यांसमोर असत. घरांतील लहान मुलगीहि काजळी झाडून, वात सारून, दिवा कोनाड्यांत सरकवून त्याला शांत करीत असे. आज घरोघरीं लागलेला एल्. ई. डी. दिवा लुकलुकूं लागतो तेव्हां मात्र चांगला सुशिक्षित गृहस्थहि गोंधळून जातो. ह्या दिव्याला वात नाहीं, ज्योत नाहीं, वाऱ्याशीं त्याचा संबंध नाहीं. तार भिंतींत गाडलेली, आणि यंत्रणा पांढऱ्या टोपणाखालीं झांकलेली. मग एक तर दिवा फेंकून देऊन दुसरा आणला जातो, नाहीं तर लुकलुकीकडे डोळेझांक करून संसार पुढें चालूं राहतो. हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. आणि दुसरा तर प्रसंगीं घरावर संकट आणणारा आहे.

वस्तुतः प्रकाशाची अस्थिरता ही आजकालची तक्रार नव्हे. ती विजेच्या दिव्याइतकीच जुनी आहे. गेल्या दोनशें वर्षांत तिचीं कारणें एकामागून एक शोधलीं गेलीं, तिच्यावर उपाय निघाले, आणि पुष्कळदां एका उपायाच्या पोटींच नवा दोष जन्माला आला. आजच्या दिव्याचें दुखणें ओळखावयाचें असेल तर हा इतिहास थोडा चाळला पाहिजे. कारण मधल्या काळांतील दिव्यांत जो एक गुण आपोआप होता, तोच नेमका नव्या दिव्यांत नाहीं, आणि सारी गोष्ट त्या एका गुणाभोंवतीं फिरते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्री डेव्ही ह्यानें एका मोठ्या बॅटरीच्या तारांना कोळशाच्या दोन कांड्या जोडल्या. कांड्यांचीं टोकें एकमेकांना टेकवून किंचित् दूर करतांच मधल्या जागेंत डोळे दिपविणारी प्रकाशाची कमान उभी राहिली. हाच आर्क लँप. त्याचें तेज विलक्षण होतें, पण त्याचा स्वभाव चंचल होता. कांड्या जळून झिजत, मधलें अंतर वाढे, कमान थरथरे व विझून जाई. हें अंतर कायम राखण्यासाठीं घड्याळासारखीं चाकें लावलेलीं नाना तऱ्हेचीं यंत्रें निघालीं. त्यांतहि एक अडचण होती. प्रवाह एकाच दिशेनें वाहत असेल तर धन बाजूची कांडी दुसरीच्या सुमारें दुप्पट वेगानें झिजते. १८७६ सालीं पावेल याब्लोच्कोव्ह ह्या रशियन इंजिनियरानें पॅरिसमध्यें ह्यावर एक सोपी तोड काढली. त्यानें दोन कांड्या मेणबत्तीप्रमाणें शेजारीं शेजारीं उभ्या केल्या, आणि त्यांत उलटसुलट दिशेनें वाहणारा प्रवाह सोडला. म्हणजे दोन्ही कांड्या सारख्याच झिजाव्यात. १८७८ मध्यें पॅरिसचा ऑपेरा मार्ग ह्या ‘मेणबत्त्यां’नीं उजळून निघाला. कांड्यांची झीज सारखी झाली खरी. पण उलटसुलट वाहणारा प्रवाह दिशा बदलतांना प्रत्येक वेळीं क्षणभर शून्यावर येतो, ही गोष्ट त्याच्याबरोबर दिव्यांच्या राज्यांत शिरली. ती अजून गेलेली नाहीं.

आर्क लँपचें आणखी एक दुखणें होतें. तो मध्येंच साप फुत्कारल्यासारखा आवाज करी, आणि त्याच क्षणीं त्याचा प्रकाश ढांसळे. वर्षानुवर्षें लोकांनीं हें त्याचें खोडसाळपण म्हणून सोसलें. त्याचें खरें कारण शोधून काढलें तें एका स्त्रीनें. हर्था आयर्टन हिचा जन्म १८५४ चा. बाप घड्याळजी, तो तिच्या लहानपणींच वारला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत तिचें शिक्षण झालें, आणि पुढें विद्युत्-शास्त्राचे प्राध्यापक विल्यम आयर्टन ह्यांच्याशीं विवाह झाल्यावर तिनें आर्कचा अभ्यास हातीं घेतला. तिला असें आढळून आलें कीं, प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढला म्हणजे धन कांडीच्या टोकाला पडलेला तप्त खळगा टोकावर मावेनासा होतो व कडेनें वर चढतो. मग बाहेरच्या हवेंतील प्राणवायु त्याला भिडतो, आणि तो फुत्कार उठतो. म्हणजे दोष विजेचा नव्हता, हवेचा होता! तेलाच्या दिव्याला त्रास देणारा वाराच येथें वेगळ्या रूपानें आलेला होता. १८९९ सालीं इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल एंजिनियर्स ह्या संस्थेपुढें तिनें हा निबंध स्वतः वाचला. त्या संस्थेंत निबंध वाचणारी ती पहिली स्त्री, आणि त्याच वर्षीं ती संस्थेची पहिली स्त्री-सभासद झाली. १९०२ मध्यें रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठीं तिचें नांव सुचविण्यांत आलें, तेव्हां मात्र विवाहित स्त्रीला कायद्यानें तें पद घेतां येत नाहीं असा अभिप्राय पडला आणि दार बंद झालें. चारच वर्षांनीं, १९०६ सालीं, त्याच सोसायटीनें तिला ह्यूज पदक दिलें. तिच्या ह्या उद्योगांतून दिव्यांच्या शास्त्राला एक धडा मिळाला. दिवा लहरी नसतो. त्याच्या प्रत्येक थरथरीला कारण असतें, आणि तें शोधल्यास सांपडतें.

दरम्यान घरांत लावण्याजोगा सौम्य दिवा तयार झाला होता. इंग्लंडांत जोसेफ स्वान व अमेरिकेंत टॉमस एडिसन ह्या दोघांनीं निर्वात कांचेच्या गोळ्यांत कर्बाची बारीक तार तापवून प्रकाश मिळविला. एडिसनच्या यशस्वी प्रयोगाचें साल १८७९. पुढें १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज ह्यानें टंगस्टन धातूची लवचीक तार ओढण्याची कृति साधली, आणि पिढ्यान् पिढ्या घराघरांत पिवळसर उजेड देणारा ‘बल्ब’ सिद्ध झाला. ह्या बल्बाचा मोठा गुण असा कीं, तो उष्णतेनें प्रकाशतो, आणि उष्णता चटकन् जात नाहीं. चुलीवरून उतरलेला तवा जसा कांहीं वेळ तापलेलाच राहतो, तशी प्रवाह शून्यावर आला तरी तार लाल-पिवळी तापलेलीच असते. ती निवूं लागण्यापूर्वींच पुढचा प्रवाह येऊन पोंचतो. जणूं तार आपल्याजवळ थोडी शिल्लक बाळगून असते व आयत्या वेळीं ती खर्च करते. मागील प्रकाशाची आठवण धरून ठेवण्याचा हा गुण कोणीं मुद्दाम योजलेला नव्हता. तो पदार्थाच्या स्वभावांतूनच आला होता, आणि म्हणून त्याची किंमतहि कोणाला कळली नव्हती.

ही शिल्लक अमर्याद मात्र नव्हती. नायगराच्या धबधब्यावर १८९५ सालीं जें प्रचंड वीजघर सुरू झालें, त्यांतील प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदाला अवघीं २५ होतीं. यंत्रांना तीं सोयीचीं, पण दिवे त्यावर डोळ्यांना जाणवण्याइतके थरथरत. त्यापूर्वीं १८९१ मध्यें जर्मनींत लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर दूर वीज नेण्याचा प्रख्यात प्रयोग झाला, त्यांत ४० आवर्तनें होतीं. तीहि दिव्यांना अपुरीं पडलीं असें दिसून आल्यावर पुढें ५० हें प्रमाण ठरविण्यांत आलें. अमेरिकेनें ६० पत्करलें. कानडांतील ऑन्टारिओ प्रांताला २५ आवर्तनांच्या विजेंतून बाहेर पडण्यासाठीं १९४९ पासून १९५९ पर्यंत दहा वर्षें घरोघरचीं यंत्रें बदलीत बसावें लागलें. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्यें विजेचे दिवे १८८२ सालींच लागले होते, आणि १९१५ मध्यें खोपोलीला टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू होऊन सह्याद्रीवरील पावसाचें पाणी मुंबईचीं यंत्रें फिरवूं लागलें. भारतानेंहि ५० हेंच प्रमाण स्वीकारलें. एका आवर्तनांत प्रवाह दोनदां शून्यावर येतो. तेव्हां भारतांतील प्रत्येक घराच्या तारेंतील वीज सेकंदाला शंभर वेळां मरते व शंभर वेळां जन्मते. घरांत बसलेल्या माणसाला हें कळत नाहीं ही दिव्याची, आणि काहींशी डोळ्याचीहि, कृपा आहे.

डोळ्याच्या ह्या कृपेची ओळख भारतीय विचारवंतांना फार जुनी. जळतें कोलीत अंधारांत गरगर फिरविलें असतां अखंड अग्निचक्र दिसतें; प्रत्यक्षांत चक्र कोठेंच नसतें. गौडपादाचार्यांनीं आपल्या मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणांत हाच दृष्टान्त घेतला, आणि त्यावरूनच तें प्रकरण ‘अलातशान्ति’ ह्या नांवानें ओळखलें जातें. त्यांना त्यांतून जगाचें मिथ्यात्व सुचवावयाचें होतें. एकोणिसाव्या शतकांत बेल्जमचा प्लॅटो व इंग्लंडचा टॉल्बट ह्यांनीं त्याच अनुभवाला गणिताचें रूप दिलें. प्रकाशाची उघडझांप पुरेशा वेगानें झाली तर डोळ्याला ती वेगळी दिसत नाहीं, सरासरीइतका स्थिर प्रकाशच दिसतो, हा त्यांचा नियम. ही एकरूपता बहुतेकांना सेकंदाला पन्नास-साठ उघडझांपींच्या आसपास येते; प्रकाश प्रखर असेल तर आणखी थोड्या वर. परंतु ‘दिसत नाहीं’ ह्याचा अर्थ ‘पोंचत नाहीं’ असा होत नाहीं, हें समजण्यास पुढें विसावें शतक संपत यावें लागलें.

तें घडलें ट्यूबच्या दिव्यामुळें. १९३८ सालीं अमेरिकेंत ट्यूब बाजारांत आली. तिच्यांत पाऱ्याच्या वाफेंतून वीज जाते आणि कांचेला आंतून लावलेल्या पुडीचा प्रकाश पडतो. ती बल्बापेक्षां पुष्कळ कमी विजेंत भागवी; पण तापलेल्या तारेची शिल्लक तिच्यापाशीं नव्हती. प्रवाहाबरोबर तिचा उजेड सेकंदाला शंभर वेळां चढे व उतरे. कारखान्यांत ह्याचा एक भयंकर परिणाम दिसला. भरवेगानें फिरणारें चाक अशा उजेडांत कधीं कधीं स्थिर उभें असल्यासारखें दिसे, आणि कामगाराचा हात तिकडे जाण्याचा संभव असे. म्हणून दोन ट्यूबा अशा जोडीत कीं, एकीचा उजेड उतरतां दुसरीचा चढावा. कचेऱ्यांतील लोक मात्र डोकेंदुखीची तक्रार करीत राहिले, आणि ती बहुधा मनाचे खेळ म्हणून झटकली जात असे. १९८९ मध्यें इंग्लंडांत आर्नल्ड विल्किन्स व त्याच्या सहकाऱ्यांनीं एका कचेरींत ह्याची परीक्षा घेतली. कांहीं काळ नेहमींचे चोक, तर कांहीं काळ सेकंदाला हजारों आवर्तनें देणारे नवे चोक लावले. कोणते केव्हां लावले हें काम करणाऱ्यांना सांगितलें नाहीं. नव्या चोकांखालीं डोकेंदुखीचें व डोळ्यांच्या शिणाचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. डोळ्यांना न दिसणारी थरथर मस्तकापर्यंत पोंचत होती. तक्रार करणारे खोटें बोलत नव्हते.

आतां एल्. ई. डी. कडे वळण्यास हरकत नाहीं. त्याचा जन्महि जुनाच. १९०७ सालीं हेन्री राऊंड ह्याला एका खनिजासारख्या स्फटिकांतून वीज जातांना मंद उजेड दिसला. रशियांत ओलेग लोसेव्ह ह्यानें १९२७ पासून त्याचा बारकाईनें अभ्यास केला. हा बुद्धिमान संशोधक १९४२ मध्यें लेनिनग्राडच्या वेढ्यांत उपासमारीनें मेला, आणि त्याचें काम बराच काळ विसरलें गेलें. १९६२ सालीं निक होलोनियाक ह्यानें तांबडा दिवा साधला. निळा दिवा साधण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तीन जपानी संशोधकांना त्याबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या प्रकाशावर पिवळी पुडी चढविली कीं पांढरा उजेड मिळतो. हाच आजचा घरगुती दिवा. भारतांत २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेखालीं असे ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले.

ह्या दिव्याचे गुण पुष्कळ. पण त्यापाशीं स्मृति मुळींच नाहीं. येथें कांहीं तापून प्रकाशत नाहीं. प्रवाह आला कीं उजेड, गेला कीं अंधार. मध्यें सेकंदाच्या दशलक्षांश भागाचीहि उसंत नाहीं. वरची पिवळी पुडीहि तितकीच विसराळू. जुना बल्ब घरांतील विजेचे बारीकसारीक दोष पोटांत घालीत असे; नवा दिवा प्रत्येक दोष जगजाहीर करतो. म्हणून त्याच्या बुडख्यांत एक छोटी यंत्रणा बसवावी लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती उलटसुलट प्रवाहाला एका दिशेचें वळण लावते, आणि शून्याच्या क्षणीं उपयोगीं पडावी म्हणून थोडी वीज सांठवून ठेवते. सांठवणाऱ्या डबीला शास्त्रांत धारित्र म्हणतात. पंख्याच्या दुकानांत तिच्याच भाऊबंदाला कंडेन्सर म्हणतात. बल्बाच्या तारेनें जें काम फुकट केलें तें येथें ह्या बोटाच्या पेऱ्याएवढ्या डबीला करावें लागतें. तिच्या पोटांत द्रव असतो, आणि उष्णतेनें तो हळूहळू आटतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं हिचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा कारागिरांचा ढोबळ आडाखा आहे. बंद कांचेच्या हंडींत कोंडलेला दिवा लवकर लुकलुकूं लागतो ह्याचें एक रहस्य येथेंच आहे. स्वस्तांतल्या कांहीं दिव्यांत ही डबी पहिल्यापासूनच तोकडी असते, कांहींत तर नसतेच; त्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळां पूर्णपणें हेलकावतो. असा दिवा ओळखण्यास दोन साधे उपाय आहेत. त्याच्या उजेडांत पेन्सिल वेगानें पंख्यासारखी हालवावी. तिचा सलग पुसट पट्टा न दिसतां तुटक तुटक अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा थरथरणारा समजावा. नाहीं तर मोबाईलच्या कॅमेऱ्यांतून त्याकडे पाहावें. पडद्यावर सरकते काळे पट्टे दिसले कीं तोच निष्कर्ष. अभ्यासाच्या टेबलावर व ज्याला डोकेंदुखीची खोड आहे त्याच्या खोलींत असा दिवा ठेवूं नये.

उघड दिसणाऱ्या लुकलुकीचा शोध मात्र हर्था आयर्टनच्या पद्धतीनें, क्रमानें, करावा लागतो. पहिला प्रश्न हा कीं, एकच दिवा लुकलुकतो कीं अनेक? एकच असेल तर तो काढून, बटण बंद करून व दिवा निवल्यावर, दुसऱ्या खोलींतल्या चांगल्या होल्डरांत लावून पाहावा. तेथेंहि तो तसाच वागला तर दोष दिव्याचाच. तो लागल्यावर कांहीं मिनिटांनीं विझतो, निवल्यावर पुन्हां लागतो, आणि हा खेळ चालूंच राहतो, तर आंतील एखादा सांधा उष्णतेनें सुटत आहे असें समजावें. अशा दिव्याची दुरुस्ती करण्यांत अर्थ नाहीं, तो बदलावा. परंतु दुसऱ्या जागीं तो शांत जळूं लागला, आणि त्याच्या जुन्या जागीं लावलेला चांगला दिवाहि फडफडूं लागला, तर दोष होल्डरांत, बटणांत किंवा तारेंत आहे. भारतांतील होल्डर बहुधा इंग्रजी पद्धतीचे, दोन खिळ्यांच्या खांचांचे. त्यांतील पितळी पिना स्प्रिंगवर असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें स्प्रिंग मरगळते, समुद्रकांठच्या दमट हवेंत पितळेवर गंज चढतो, आणि पिना दिव्याला नीट टेकत नाहींत. हा सैल स्पर्श क्षुल्लक नव्हे. सैल जागीं विजेला अडथळा होतो, अडथळ्यानें उष्णता होते, उष्णतेनें धातु आणखी गंजते व जागा आणखी सैल होते. दिव्याला थोडीच वीज लागते म्हणून तेथें धोका सहसा मर्यादित राहतो. पण त्याच वायरीवरील प्लगमध्यें इस्त्री किंवा गीझर चालत असेल, तर अशाच एका सैल सांध्याचें पर्यवसान आगींत होऊं शकतें. बटण दाबतांना चरचर आवाज येणें, बटणाची पट्टी ऊन लागणें, जळक्या प्लॅस्टिकची घाण येणें, हीं लक्षणें लुकलुकीच्या जोडीला दिसलीं तर मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवावें.

कित्येकदां बटण बंद असतांहि दिवा रात्रीं मधून मधून चमकून जातो, आणि घरांतलीं माणसें दचकतात. त्यांत भुताटकी कांहीं नाहीं. बटणांत अंधारांत दिसणारा बारीक लाल निर्देशक दिवा असला, तर त्याच्यामधून अगदीं थोडी वीज सतत पाझरते. जुन्या बल्बाला ती जाणवतहि नसे. एल्. ई. डी. ची सांठवणारी डबी मात्र त्या थेंबाथेंबांनीं भरते, भरली कीं दिवा एकदां चमकतो, रिकामी होते, आणि पुन्हां भरूं लागते. निर्देशक नसलेलें बटण बसविलें कीं हा खेळ थांबतो. तसें बटण असूनहि चमकणें चालूं राहिलें, तर एक गंभीर संशय घ्यावा : बटण फेजच्या तारेऐवजीं न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असावें. तसें असेल तर बटण बंद करूनहि होल्डरांत वीज जिवंत राहते, आणि स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्याला तिचा झटका बसूं शकतो. येथें ती क्षुद्र चमक प्राण वांचविणारी सूचना ठरते.

उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरचें प्रकरण निराळें. १९५९ सालीं जोएल स्पायरा ह्यानें भिंतींतल्या बटणाएवढ्या जागेंत मावणारा अर्धवाहकाचा डिमर शोधला, तो तापणाऱ्या तारेच्या बल्बासाठीं. तो प्रत्येक आवर्तनाचा एक तुकडा कापून टाकतो. तार तो खळगा आपल्या उष्णतेनें भरून काढी. स्मृति नसलेल्या दिव्याला तो खळगा भरतां येत नाहीं, आणि डिमरलाहि इतक्या थोड्या विजेवर आपलें काम नीट करतां येत नाहीं. अशा जागीं ‘डिमरसाठीं योग्य’ असें वेष्टणावर छापलेला दिवाच लावावा, किंवा डिमरच काढून टाकावा. वीज गेल्यावर कांहीं घरगुती इन्व्हर्टर चौकोनी धाटणीचा प्रवाह देतात. त्यावर एखादा दिवा गुणगुणला वा थरथरला, आणि वीज येतांच शांत झाला, तर घरच्या वायरिंगला दोष देण्याचें कारण नाहीं.

सर्व दिवे एकदमच लुकलुकत असतील तर प्रकरण दिव्यांच्या हातचें राहत नाहीं. पाण्याचा पंप, फ्रीज किंवा लिफ्ट सुरू होण्याच्या क्षणीं दिवे किंचित् खालावतात. मोटर सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते, म्हणून तेवढें चालावयाचेंच. पण ती खालावण ठळक असेल, किंवा कोणतेंहि यंत्र सुरू नसतांना दिवे एकत्र थरथरत असतील, तर मीटरपाशीं किंवा मेन स्विचपाशीं सांधा सैल असल्याचा संभव असतो. आणि एका खोलींतले दिवे मंदावतांना दुसऱ्या खोलींतले अकारण प्रखर झाले, किंवा आपले दिवे प्रखर असतांना शेजाऱ्याचे मंदावले, तर क्षणाचाहि विलंब न करतां मेन स्विच बंद करावा. तीन फेजांच्या इमारतींत न्यूट्रलची तार सैल झाल्याचें तें चिन्ह आहे. न्यूट्रल तुटली म्हणजे २३० व्होल्टचा समतोल मोडतो. कोणाच्या घरीं वीज अर्ध्यावर येते, तर कोणाच्या घरीं ती ४०० व्होल्टच्या दिशेनें चढते, आणि फ्रीज, टी. व्ही., चार्जर एकदम जळतात. हें काम घरच्या पेंचकसाचें नव्हे. वीज कंपनीला कळवून तिच्या माणसांची वाट पाहावी.

दिव्याची थरथर मोजावी कशी, हा प्रश्नहि शास्त्रज्ञांनीं हातीं घेतला आहे. १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-आयोगानें ठरविलेल्या मापकयंत्राच्या पोटांत ६० वॉटचा जुना बल्ब, माणसाचा डोळा व मेंदू ह्या तिघांची गणिती प्रतिकृति आहे. निम्म्या लोकांना जी थरथर त्रासदायक वाटेल तिला त्यानें एक हा आंकडा दिला. सेकंदाला सुमारें नऊ हेलकाव्यांना माणसाची दृष्टि सर्वांत हळवी असते. त्या वेगानें व्होल्टेज अर्ध्या टक्क्याहूनहि कमी हाललें तरी जुन्या बल्बाच्या उजेडांत तें कळतें. पुढें तो जुना बल्ब बाजारांतून मावळला, तेव्हां थेट दिव्याचा उजेडच मोजण्याची पद्धत आली. २०१५ मध्यें अमेरिकेंतील विद्युत्-इंजिनियरांच्या संस्थेनें एल्. ई. डी. च्या थरथरीविषयीं शिफारसी प्रसिद्ध केल्या. हेलकाव्यांचा वेग जितका कमी, तितकी त्यांच्या खोलीची मर्यादा कडक, असें त्यांचें धोरण. युरोपांत सप्टेंबर २०२१ पासून विक्रीस येणाऱ्या दिव्यांना त्या मापकाच्या एकच्या आंत राहणें सक्तीचें झालें. ज्या डोकेंदुखीला पूर्वीं मनाचे खेळ म्हणून हंसत, तिची अशा रीतीनें कायद्यांत नोंद झाली.

तेलाच्या दिव्याची फडफड पाहून घरची मुलगी काय कमी पडलें तें ओळखी, आणि वेळीं तेल घाली. नव्या दिव्याची लुकलुकहि तशीच बोलकी आहे. फरक इतकाच कीं ती केवळ दिव्याविषयीं न बोलतां साऱ्या घराच्या वायरिंगविषयीं बोलते. मधला शंभर वर्षांचा बल्ब फार सहनशील होता, आणि त्या सहनशीलतेमुळें भिंतीआडचे सैल सांधे, चुकीच्या जागीं बसविलेलीं बटणें, दुबळ्या तारा ह्यांचा पुष्कळांना पत्ताच लागला नाहीं. आजचा दिवा कांहींहि झांकीत नाहीं. त्याची लुकलुक दिसतांच दिवा बदलण्याची घाई न करितां, एकच कीं सारे, केव्हां, आणि कशाबरोबर, हे तीन प्रश्न जो गृहस्थ स्वतःला विचारील, त्याला बहुतेक वेळां एका लहानशा दिव्याची किंमत सोसावी लागेल. आणि क्वचित् एखाद्या वेळीं त्याचें सारें घर वांचेल.